नेट गेलं म्हणजे नेमकं कुठं गेलं?

जुलै संपत आला की बीड जिल्ह्यातल्या सुविधा केंद्रांचे दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असतात. खरिपाच्या पीक विम्याची मुदत बहुतेक वर्षी ३१ जुलैच्या आसपास असते. तोवर सोयाबीन-कपाशीची पेरणी उरकलेली असते, आणि सातबारा, आधार, पासबुक एका पिशवीत घालून माणसं केंद्राच्या पायरीवर येऊन बसतात. ज्याला पीक विम्याचा 'बीड पॅटर्न' म्हणतात तो २०२०च्या खरिपात इथेच सुरू झाला. २०२३ साली राज्याने एक रुपयात विमा दिला, तेव्हा मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवली गेली. योजना कोणतीही असो, गावापर्यंत ती एका तारेवरून येते. ती तार मध्ये कुठे अडली की रांगेतल्या माणसाच्या वाट्याला एकच वाक्य येतं: "सर्व्हर डाऊन हाय, उद्या या."

मी या भागात नेटवर्क दुरुस्तीचं काम करतो. बीड, पाटोदा, केज, अंबाजोगाई या पट्ट्यातली केंद्रं, काही पतसंस्था, काही कॉलेजांच्या लॅब यांच्या जोडण्या माझ्याकडे आहेत. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याबद्दल माझं मत आता ठाम झालं आहे. सर्व्हर खरंच बंद आहे की आपल्याच टेबलाखालची वायर निसटली आहे, हे तपासण्याची सोय प्रत्येक संगणकात असते. तिला पैसे लागत नाहीत, इंटरनेटही लागत नाही. ती न वापरता वाडीवरून आलेल्या माणसाचा एक दिवस वाया घालवणं मला अन्यायाचं वाटतं.

विंडोजच्या शोधपट्टीत 'सीएमडी' लिहिलं की एक काळी चौकट उघडते. केंद्रांवरची बरीच मुलं तिला घाबरतात. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. आपण एक ओळ लिहायची, ती काही ओळींत उत्तर देते. माझं निम्म्याहून जास्त काम या चौकटीतच होतं.

नेकनूरच्या पुढे, केजच्या रस्त्यालगतच्या एका गावातलं केंद्र आठवतं. दुपारची वेळ होती. केंद्र चालवणारी मुलगी म्हणाली, "दादा, सकाळपासून एक बी फॉर्म जाईना गेलाय. पोर्टलच बंद हाय बहुतेक." मी तिच्याच खुर्चीशेजारी बसलो आणि तिलाच लिहायला लावलं. पहिली कमांड 'आयपीकॉन्फिग'. संगणकाला १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता मिळालेला होता, म्हणजे राउटरशी बोलणं चालू होतं. हाच पत्ता १६९.२५४ने सुरू झाला असता तर आम्ही तिथेच थांबलो असतो, कारण राउटरने काहीच दिलं नाही की संगणक असा पत्ता स्वतःच स्वतःला देतो आणि मग दोष वायरीत किंवा राउटरात शोधायचा असतो. दुसरी कमांड राउटरच्या पत्त्याला 'पिंग'. उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत. तिसरी, बाहेरच्या जगातला एक पत्ता, ८.८.८.८, त्याला पिंग. चारही उत्तरं आली, बत्तीस-तेहतीस मिलिसेकंदांत. गावातून निघालेली लाइन जगापर्यंत धडधाकट पोहोचत होती. मग 'एनएसलूकअप' लिहून पोर्टलचं नाव विचारलं. इथे मात्र चौकट थबकली आणि वेळ संपल्याचा निरोप आला.

पोर्टल चालू होतं. बंद होतं ते नावावरून पत्ता काढून देणारं यंत्र, म्हणजे पुरवठादाराचा डीएनएस. ब्राउझरला नाव माहीत होतं, पत्ता कुणी सांगत नव्हतं. आम्ही राउटरमध्ये दुसऱ्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता घातला आणि विम्याचं पान उघडलं. ती मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "म्हंजी सकाळपासून चालूच होतं का हे?" सकाळी ज्यांना परत पाठवलं होतं त्यांना तिने तिथल्या तिथे फोन लावायला सुरुवात केली. तिचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. लाइन तपासायला मात्र तिला कुणी शिकवलंच नव्हतं. केंद्राच्या प्रशिक्षणात फॉर्म कसा भरायचा हे सांगतात, लाइन कशी तपासायची हे सांगत नाहीत.

तपासायचा क्रम नेहमी जवळून लांब असा ठेवावा: आपला संगणक, आपला राउटर, गावाबाहेरचा पहिला थांबा, मग जग, आणि शेवटी ते विशिष्ट पोर्टल. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. पोर्टल उघडलं नाही की पोर्टलला दोष देऊन मोकळं व्हायचं. त्यात वायर, राउटर, वीज, डीएनएस ही सगळी मधली मंडळी नामानिराळी राहतात.

पिंग हे साधन अमेरिकेतल्या माइक म्यूस या माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलं. तो मेरीलँडमधल्या सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत होता आणि तिथलं नेटवर्क विचित्र वागत होतं. सुमारे हजार ओळींचा हा प्रोग्राम त्याने एका संध्याकाळी लिहून काढला. तो २००० साली मोटार अपघातात गेला. पलीकडच्या यंत्राला एक छोटं पाकीट पाठवायचं, त्याने ते तसंच परत करायचं, आणि जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजायचं, एवढंच पिंगचं काम. पण त्या वेळेच्या आकड्यात भूगोल लपलेला असतो, आणि तो वाचायला शिकलं की माणूस खूप काही ओळखू शकतो.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटरला एक मिलिसेकंद. बीडहून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर, म्हणजे निसर्गनियमाने किमान चार मिलिसेकंद. प्रत्यक्षात तार वळणं घेत जाते, मधली यंत्रं थोडा थोडा वेळ खातात, म्हणून पंधरा-वीस-तीस असा आकडा येतो आणि तो निरोगी आहे. आकडा अडीचशेच्या वर स्थिर दिसला तर पाकीट बहुधा समुद्र ओलांडून येत आहे. आणि सहाशेच्या आसपास दिसला तर छतावर डिश आहे का ते पाहावं. बालाघाटाच्या डोंगरातल्या ज्या वाड्यांपर्यंत तंतू गेलेला नव्हता तिथे उपग्रहाची जोडणी असायची. तो उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. पाकीट वर, खाली, आणि उत्तर पुन्हा वर, खाली अशा चार फेऱ्यांतच जवळजवळ अर्धा सेकंद संपतो. तिथे कितीही भारी राउटर बसवला तरी तो अर्धा सेकंद कमी होत नाही. हे केंद्रचालकाला नीट समजावलं की तो उगाच नवीन राउटर विकत घेत नाही.

एक बारकावा मात्र मुद्दाम सांगतो, कारण त्यावर भलेभले फसतात. विंडोजचा पिंग शेवटी हिशेब देतो: चार पाठवली, चार मिळाली, शून्य टक्के नुकसान. हा हिशेब वाचून लाइन ठीक आहे असं म्हणू नये. वरच्या ओळी वाचाव्यात. आपल्याच राउटरने 'तिकडे पोहोचता येत नाही' असा निरोप चार वेळा दिला तरी विंडोज तो 'मिळालेलं उत्तर' म्हणून मोजतं. उत्तर कुणाकडून आलं हे त्या ओळीतच लिहिलेलं असतं. 'वेळ संपली' हा निरोप वेगळा आणि 'तिकडे पोहोचता येत नाही' हा वेगळा. पहिल्यात कुणीच बोललं नाही. दुसऱ्यात कुणीतरी बोललं आणि वाट नाही असं सांगितलं, म्हणजे तिथपर्यंत तरी रस्ता आहे.

ज्या कामाने माझा या काळ्या चौकटीवरचा विश्वास सर्वांत जास्त वाढवला ते पाटोद्याकडच्या डोंगरपट्ट्यातलं. केंद्र आणि शेजारचं रेशन दुकान एकाच जोडणीवर चालत होतं. दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघण्याच्या आधी तिथे मोठी गर्दी असते, कारण पुढचे पाच-सहा महिने माणसं कारखान्याच्या तळावर असतात आणि धान्य, दाखले, बँकेची कामं ज्याला त्याला जाण्याआधी उरकायची असतात. अशा दिवसांत नेट मधूनच जायचं आणि आपोआप यायचं. रेशनच्या मशिनवर बोट ठेवलेली बाई तशीच उभी राहायची. "थम घेईना," असं दुकानदार म्हणायचा आणि ती बिचारी पदराला बोट पुसून पुन्हा ठेवायची. दोष तिच्या बोटाचा नव्हताच.

पुरवठादाराला फोन केला की पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं: राउटर बंद करून चालू करा. चालू केल्यावर नेट बऱ्याचदा यायचंही, त्यामुळे तक्रार तिथेच बंद व्हायची. केंद्रात इन्व्हर्टर होता, त्यामुळे दिवे, संगणक, राउटर काहीच बंद पडायचं नाही आणि विजेशी याचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मी एक छोटी बॅच फाइल लिहून ठेवली. दर मिनिटाला ती तीन ठिकाणी पिंग करायची, आपल्या राउटरला, पुरवठादाराच्या पहिल्या थांब्याला आणि बाहेरच्या एका पत्त्याला, आणि तारीख-वेळेसह निकाल एका साध्या फाइलीत लिहायची. केंद्रचालक काकांना मी एक वही दिली आणि म्हणालो, "काका, लाइट कधी जाते, कधी येते, तेवढं टिपून ठेवा."

काकांनी ती वही इतक्या निगुतीने लिहिली होती की माझा अर्धा अभ्यास त्यांनीच केला. वही आणि फाइल शेजारी ठेवली तेव्हा चित्र स्वच्छ दिसलं. लाइट गेली की वीसेक मिनिटांनी नेट जायचं. लाइट आली की दोन-तीन मिनिटांत यायचं. थोड्या वेळासाठी लाइट गेली तर नेटला धक्काच लागायचा नाही. प्रत्येक वेळी आपला राउटर उत्तर देत होता आणि पुरवठादाराचा पहिला थांबा गप्प होत होता. म्हणजे मधल्या मोठ्या गावातल्या पुरवठादाराच्या पेटीतली बॅटरी वीस मिनिटांत दम तोडत होती. तीन तास चालायला हवी ती बॅटरी कामातून गेली होती, आणि तिथे जाऊन कुणी पेटी उघडून पाहत नव्हतं.

या सगळ्याची दोन पानं छापली आणि तक्रारीला जोडली. पुरवठादाराचा लाइनमन आला. पेटी उघडली तर बॅटरी फुगलेली. त्याने ती बदलली. जाताना तो जे म्हणाला ते मी विसरलेलो नाही: "भाऊ, कागद असला म्हंजी आमाला बी वर दाखवता येतं. तोंडी सांगितलं तर आमचं कोण ऐकतंय?" तोपर्यंत मी या नोंदींकडे तक्रारदाराचं हत्यार म्हणून पाहत होतो. त्या नोंदी खांबावर चढणाऱ्या माणसाच्याही बाजूने उभ्या राहतात, हे त्याच्याकडून कळलं.

पाकिटाची वाट थांब्याथांब्याने दाखवणाऱ्या ट्रेसरूटबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण या साधनाचा गैरवापर मी सर्वांत जास्त पाहिला आहे. विंडोजवर ते 'ट्रेसर्ट' असं लिहितात. व्हॅन जेकबसन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते तयार केलं. त्यामागची युक्ती सुंदर आहे. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्य झाला की तो राउटर पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. पाकिटं वाट चुकून कायमची फिरत राहू नयेत म्हणून ही सोय होती. जेकबसन यांनी मुद्दाम आकडा एक घालून पाकीट पाठवलं, मग दोन, मग तीन. पहिल्या राउटरने कळवलं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, आणि सबंध वाट उघडी झाली.

पण मधल्या एखाद्या ओळीत तीन चांदण्या दिसल्या की लोक ओरडतात, "इथं तुटलंय!" तसं नसतं. काही राउटर पाकिटं इमानेइतबारे पुढे नेतात, फक्त निरोप देण्याचं काम बंद ठेवतात. चांदण्यांच्या पुढच्या ओळींत उत्तरं येत असतील तर त्या ठिकाणी काही बिघडलेलं नाही. तसंच मधल्या एका थांब्यावर आकडा दीडशे आणि त्याच्या पुढच्यावर तीस दिसला, तर तो मधला थांबा फक्त निरोप द्यायला सावकाश आहे. काळजी करायची ती चांदण्या शेवटपर्यंत जात असतील तर, किंवा आकडा एका थांब्यापासून वाढून पुढे सगळीकडे तसाच चढा राहत असेल तर. सोलापूर-धुळे महामार्ग ५२चं रुंदीकरण चालू होतं तेव्हा मांजरसुंब्याच्या बाजूला तंतू तुटण्याचे प्रकार व्हायचे. जेसीबीच्या एका फटक्यात केबल गेली की ट्रेसरूट ठरलेल्या थांब्यानंतर शेवटपर्यंत चांदण्याच दाखवायचा. तेव्हा केंद्रचालकांना मी खात्रीने सांगू शकायचो की आज राउटरला हात लावू नका, लोकांना स्पष्ट सांगा की तार तुटली आहे, मोबाइलच्या नेटवर जेवढे फॉर्म जातील तेवढे भरा.

अंबाजोगाईतल्या एका पतसंस्थेचा अनुभव वेगळ्या जातीचा. तिथे ठरावीक संगणकांचं नेट दुपारी जायचं, बाकीच्यांचं चालू. 'एआरपी' कमांडने पाहिलं तर राउटरच्या एकाच पत्त्यापुढे सकाळी एक हार्डवेअर क्रमांक आणि दुपारी भलताच. त्या क्रमांकाच्या पहिल्या सहा अक्षरांवरून बनवणारी कंपनी ओळखता येते. तशा कंपनीची वस्तू शोधत गेलो तर वरच्या केबिनमध्ये कुणीतरी मोबाइलसाठी नवीन वायफाय राउटर लावला होता, त्याचाही पत्ता कारखान्यातून आला तसाच, मुख्य राउटरएवढाच. दुपारी केबिन उघडलं की दोघांची जुंपायची. पत्ता बदलला, प्रश्न संपला. त्याआधी त्या संस्थेने नव्या संगणकांचं कोटेशन मागवलं होतं.

दुसऱ्या एका ठिकाणी पानं उघडत, लॉगिन होई, पण कागदपत्रांची फाइल काही केल्या वर चढत नसे. पिंगला पाकिटाचा आकार ठरवून देता येतो आणि 'फोडू नको' असंही सांगता येतं. १४७२ बाइट जात नव्हते, १४६४ जात होते. त्या लाइनवर प्रत्येक पाकिटामागे आठ बाइट जोडणीच्या पद्धतीतच खर्च होत होते आणि मोठी पाकिटं गुपचूप टाकली जात होती. राउटरमध्ये कमाल आकार १५००चा १४९२ केला आणि फाइली जाऊ लागल्या. लहान पाकिटं जातात आणि मोठी जात नाहीत, हे कुठल्याही रंगीत स्पीड टेस्टने मला सांगितलं नसतं.

काळ्या चौकटीचा आणखी एक गुण आमच्या भागात फार उपयोगी पडतो. तिला जेमतेम रेंज पुरते. राउटरचं चित्रांचं पान जिथे उघडत नाही तिथे दूरच्या यंत्रात शिरण्याच्या 'एसएसएच' या सोयीने अक्षरं जातात, कारण अक्षरांना वजनच नसतं. आष्टी बीडहून काही जवळ नाही. रात्री तिकडून फोन आला की मी मोबाइलवरची काळी चौकट, म्हणजे 'टर्मक्स', उघडून तिथल्या यंत्रात शिरतो, पाच-सहा ओळी लिहितो, आणि सकाळची रांग वाचते.

'एनमॅप'सारखी साधनंही आहेत, नेटवर्कवर कोण कोण आहे आणि कुणाची कोणती दारं उघडी आहेत हे ती दाखवतात. कॉलेजातली मुलं ती उत्साहाने वापरतात. त्यांना मी दर वेळी बजावतो: स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या नेटवर्कबाहेर ती चालवायची नाहीत. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि हेतू वाईट असेल तर कलम ६६ लागतं.

जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. प्रत्येक ठिकाणी बीसीए, बीएस्सी, आयटीआय केलेली मुलंमुली आहेत, त्यांतली कितीतरी केंद्रं चालवतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. एक कागद घ्या. त्यावर तुमच्या राउटरचा पत्ता, पुरवठादाराच्या पहिल्या थांब्याचा पत्ता, बाहेरचा एक पत्ता आणि पिंग, ट्रेसर्ट, एनएसलूकअप या तीन कमांड मोठ्या अक्षरांत लिहा आणि संगणकाशेजारी भिंतीवर चिकटवा. नेट गेलं की आधी तो कागद वापरा. जे दिसलं ते वेळेसह वहीत उतरवा, तक्रारीला जोडा. आणि समोर बसलेल्या माणसाला खरं काय ते सांगा: वायर निघाली आहे, दहा मिनिटं थांबा; तार तुटली आहे, आज होणार नाही; किंवा पोर्टल खरोखरच बंद आहे, तुमचा नंबर द्या, चालू झालं की फोन करतो.